पेठ आणि परपेठ

देगलूरहून रात्री सुटलेली एसटी पहाटे हैदराबादला गौलीगुड्याच्या स्टँडवर लागायची. पत्र्याचा तो अर्धगोल, अवाढव्य मांडव मला चित्रात पाहिलेल्या जहाजासारखा वाटे, कुणीतरी उचलून पालथं ठेवलेल्या. नळावर तोंड धुवायचं, बशीतून चहा प्यायचा, त्यात उस्मानिया बिस्किट बुडवायचं आणि मग दादांच्या मागून चालू लागायचं. दादांच्या कमरेला पैशांचा कसा, काखोटीला घडी घातलेली रिकामी पोती. देगलूरच्या आमच्या दुकानात माल भरायचा असे, दिवाळीला तीन आठवडे असायचे. वेलदोडे, खारीक, काजूतुकडा, रांगोळीचे रंग, मेणबत्त्या, आरसे-कंगव्यांचे पुठ्ठे आणि सगळ्यात शेवटी लाल कापडाच्या बांधणीच्या लांबट चोपड्या, अशी यादी ठरलेली. "दुकानं उघडायच्या आत पोचलो तर उभं राहायला जागा मिळंल," असं म्हणत दादा झपाझप चालत. बेगम बाजार पंधरा मिनिटांवर होता.

तो पत्र्याचा मांडव 2018 च्या जुलैत एका सकाळी कोसळला. बसस्टँड तर त्याच्या कितीतरी आधी, 1994 मध्ये, मुसी नदीच्या पात्रातल्या इमलीबनात गेला होता. पण नांदेड, देगलूर, बिलोली, उदगीर, बिदरकडचा दुकानदार आजही हैदराबादला उतरला की त्याचे पाय आधी तिकडेच वळतात. आमच्यासाठी बेगम बाजार म्हणजे माल. त्या गल्ल्यांमध्ये कधीकाळी दख्खनमधली सगळ्यात श्रीमंत माणसं राहत होती, ही नदीकाठची उच्चभ्रू वस्ती होती, आणि आमच्या वऱ्हाडाचा महसूल, सोलापुरातली एक गिरणी, मुंबईच्या धक्क्यावरचा एक महाल यांचे धागे या चारदोन गल्ल्यांशी जाऊन भिडतात, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. यंदा दसऱ्याआधी मी पुन्हा तिथे गेलो. या खेपेला पोती नव्हती.

हैदराबाद 1591 मध्ये वसलं ते मुसीच्या दक्षिण काठावर. त्याही आधी, 1578 मध्ये, इब्राहिम कुतुबशहाने नदीवर पूल बांधला होता. तो आजचा पुरानापूल. त्यावरून आता गाड्या जात नाहीत, कमानींच्या डोक्यावर भाजीबाजार भरतो. पूल ओलांडून उत्तरेला आलं की पश्चिमेकडे कारवान आणि पूर्वेकडे बेगम बाजार. तॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात हिऱ्यांच्या शोधात गोवळकोंड्याला आला. त्याने पुलाअलीकडच्या उपनगराचं वर्णन लिहून ठेवलं आहे. शहरात राहायचे ते राजाचे अधिकारी, न्यायाधीश, सरदार. व्यापारी, दलाल, कारागीर राहायचे नदीपलीकडे. सकाळी दहा-अकराच्या सुमारास हे व्यापारी पूल ओलांडून शहरात येत, परदेशी व्यापाऱ्यांशी सौदे करत आणि चार-पाच वाजता झोपायला आपल्या घरी परतत.

रोज सकाळी कामाला शहरात आणि संध्याकाळी घरी उपनगरात, ही तऱ्हा आपण आगगाडी आल्यानंतरची समजतो. मुसीकाठी ती साडेतीनशे वर्षांपूर्वी रुळलेली होती. आज चाक उलट फिरलं आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी बेगम बाजारात हवेल्या बांधल्या, त्यांच्यातले बरेच जण आता बंजारा हिल्सला नाहीतर त्याच्याही पलीकडे नव्या उंच इमारतींत राहतात. सकाळी साडेदहाला त्यांच्या गाड्या कुठेतरी लांब उभ्या राहतात, शेवटचा तुकडा ते पायी किंवा मुनिमाच्या स्कूटरवर येतात, आणि रात्री नऊला परततात.

कारवान कुतुबशाहीतला, बेगम बाजार निजामाच्या काळातला. दुसरा असफजाह निजाम अली खान (कारकीर्द 1762 ते 1803) याची बेगम हमदा हिने व्यापाऱ्यांना व्यापारासाठी ही जमीन दिली, म्हणून हा बेगमेचा बाजार. एका बाईच्या दानावर उभ्या राहिलेल्या या पेठेत आज गल्ल्यांत पुरुषांचाच वावर अधिक दिसतो; तिचं नाव मात्र हमाल, रिक्षावाले, टेम्पोवाले दिवसातून हजार वेळा घेतात. शहराच्या तटाबाहेरची ही जागा, नदी जवळ, पूल जवळ. मारवाडी, गुजराती, अगरवाल, खत्री आणि गोसावी इथे येऊन वसले. वस्तीची नावं अजून ते सगळं सांगतात. हत्ती बांधायचे तो फीलखाना, गवळ्यांचा तो गौलीगुडा. गुरुवारी भरतो तो जुमेरात बाजार.

सकाळी सात वाजता बेगम बाजार पाहावा. दिवसाच्या गर्दीत तो दिसतच नाही. शटर बंद असतात तेव्हा मान वर करता येते, आणि मग कळतं की आपण दुकानांच्या नव्हे, घरांच्या रांगेतून चाललो आहोत. खाली प्लास्टिकच्या बादल्यांची पाटी आणि वर सागवानी सज्जा, त्याच्या कठड्यावर कोरलेले मोर. एका दाराच्या चौकटीला अजून पितळी कड्या आहेत. एक म्हातारी बाई ओट्यावर पाणी शिंपडून छोटीशी रांगोळी घालत होती. दोन माणसं डोक्यावरून दुधाचे कॅन घेऊन गेली. देवळातली घंटा, जैन मंदिराकडे निघालेल्या दोघी, कचोरीच्या पहिल्या घाण्याचा वास. नऊ वाजता पहिली हातगाडी आली, साडेनऊला दहा, आणि अकराला तर माणूस स्वतःच्या मर्जीने चालू शकत नाही. गर्दी नेईल तिकडे जातो. मसाल्यांच्या गल्लीत ठसका लागतो, सुक्यामेव्याच्या गल्लीत कुणीतरी हातावर दोन मनुके ठेवतं. भांड्यांच्या गल्लीत पितळेवर पितळ आदळतं. मासळीबाजारही इथेच आहे, शाकाहारी सावकारांच्या पेठेच्या कुशीत.

इथली बोली ऐकली की मराठी माणसाला परकेपणा वाटत नाही. "नक्को साब, इत्ताच है," असं दुकानदार म्हणतो तेव्हा त्यातला 'नको' आपला आणि 'च'ही आपलाच. दख्खनी उर्दूने मराठीतून हे दोन शब्द कधी घेतले कोण जाणे, पण घेतले ते कायमचे. दादांना हिंदी धड येत नसे. तरी बेगम बाजारात ते तासन्‌तास घासाघीस करत, आणि दोन्ही बाजूंना सगळं समजे.

ज्या पेढीवरून आम्ही चोपड्या घ्यायचो ती अजून आहे. पेढी हाच शब्द तिला शोभतो, कारण पांढरी गादी, तक्क्या, बुटकं लाकडी मेज आणि मागे भिंतीत बसवलेली लोखंडी तिजोरी असा सगळा जामानिमा तसाच आहे. संगणक आहे, पण तो नातवाच्या मेजावर. सेठजींचं वय ऐंशीच्या पुढे. मी गावाचं नाव सांगितल्यावर ते मराठीतच बोलायला लागले. "देगलूर का? देगलूर, मुखेड, बिलोली, उदगीर, समदे याचे इथं. उधारी कधी बुडली नाही तिकडची. उशीर व्हायचा, बुडायची नाही."

त्यांच्याकडे वडिलांच्या वेळच्या काही हुंड्या जपलेल्या आहेत. कागद पिवळा पडलेला, शाई तपकिरी. लिपी महाजनी, म्हणजे मुडिया. आपल्या मोडीसारखी झरझर लिहायची, पण काना-मात्रा गाळून. 'काकाजी अजमेर गये' असं लिहिलेलं पत्र वाचणाऱ्याने 'काकाजी आज मर गये' असं वाचलं आणि घरात रडारड झाली, ही व्यापाऱ्यांमधली जुनी गोष्ट सेठजींनी सांगितली. मी ती आधी ऐकलेली होती. पण ती लिपी डोळ्यांसमोर धरून, वाचता येणाऱ्या शेवटच्या काही माणसांपैकी एकाच्या तोंडून ऐकताना ती वेगळी वाटली. नातवाला ती वाचता येत नाही.

हुंडीवर रक्कम कशी लिहितात ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं. हजार रुपये नुसते हजार लिहायचे नाहीत. 'रुपये एक हजार, त्याचे निमे पाचशे, त्याचे दुप्पट पुरे' असं लिहायचं, म्हणजे कुणी आकड्यात खाडाखोड केली तरी निम्मे आणि दुप्पट जुळणार नाहीत. दाखवताच पैसे द्यायचे ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती. बाजारात पत असलेल्या माणसालाच पैसे द्यावेत अशी अट घातलेली ती शाहजोग. हुंडी वटवताना जी कसर कापली जाई ती हुंडणावळ. हैदराबादेत त्यात आणखी एक गुंता होता. निजामाचा स्वतःचा रुपया होता, हाली सिक्का. इंग्रजांचा तो कलदार. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. औरंगाबाद, परभणीचा कापूस मुंबईला विकला की कलदार मिळे, शेतकऱ्याला मात्र हाली द्यावे लागत. मधला बट्टा सावकाराचा. आमच्या मराठवाड्यातल्या कित्येक घरांत अजून म्हातारी माणसं 'हालीच्या काळात' असा काळ मोजतात.

आणि मग सेठजींनी तो शब्द सांगितला. हुंडी वाटेत हरवली, पाण्यात भिजली, चोरीला गेली तर? मग लिहिणारा दुसरी लिहून देई: पहिली वटली नसेल तर हिच्यावर पैसे द्यावेत. या दुसरीला म्हणायचं 'पेठ'. तीही हरवली तर तिसरी, 'परपेठ'. बाजाराच्या पेठेला जो शब्द तोच हरवलेल्या हुंडीच्या प्रतीलाही, हे मला माहीत नव्हतं. पुढचे तीन दिवस तो शब्द डोक्यातून गेला नाही. कारण बेगम बाजारातले जे सावकार मी शोधत आलो होतो ते तिथे फारसे उरलेले नव्हतेच. त्यांच्या प्रती आमच्याकडे होत्या.

गोसावी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भगवी कफनी आणि झोळी येते. पण अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले दशनामी गोसावी हे हिंदुस्थानातल्या मोठ्या सावकारांपैकी होते. गिरी, पुरी, भारती अशी त्यांची नावं. तीर्थयात्रेच्या वाटा याच व्यापाराच्या वाटा. बनारसपासून दक्षिणेपर्यंत मठांची साखळी. रेशीम, शालजोड्या, जवाहीर वाहून न्यायला आणि राखायला स्वतःची हत्यारबंद माणसं. त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वारसा. मालमत्ता गुरूकडून चेल्याकडे जाई, मुलाबाळांत वाटणी होत नसे, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या भांडवल अखंड राहत असे. हैदराबादच्या सावकारी पेढ्यांचा बारकाईने अभ्यास केलेल्या इतिहासकार कॅरन लेनर्ड यांनी या गोसाव्यांना बेगम बाजारातल्या सावकारांमध्ये महत्त्वाची जागा दिली आहे.

पुणेकरांना हे सांगायला लांब जायला नको. सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं मंदिर भीमगीर गोसावी यांनी 1754 मध्ये बांधायला घेतलं, ते 1770 मध्ये पुरं झालं. वर देव, खाली तळघरात गुरूची समाधी. पेशवाईत पुण्याला पैसा पुरवणाऱ्यांत हे गोसावी होते. मुसीकाठी निजामाच्या राजधानीत त्यांचेच बंधू तेच काम करत होते. निजाम आणि पेशवे एकमेकांशी लढत होते, आणि दोन्ही बाजूंच्या सावकारांच्या हुंड्या एकमेकांच्या पेठांत वटत होत्या.

हैदराबादचा इतिहास आपण नवाबांच्या नावाने वाचतो. चौमहल्ला, फलकनुमा, सालारजंगचं संग्रहालय पाहतो. पण ते राज्य चालायला लागणारा रोख पैसा पुष्कळदा येई तो नदीपलीकडून. सरकार फौजेचा पगार देण्यासाठी सावकारांकडून कर्ज घेई आणि तारण म्हणून तालुक्यांचा महसूल लावून देई. महाराजा चंदूलाल 1806 पासून 1843 पर्यंत पेशकार होते. त्यांच्या कारकिर्दीत ही पद्धत कळसाला पोचली. त्याच काळात विल्यम पामरची सावकारी कंपनी उभी राहिली आणि 1824 मध्ये कोलमडली. पुढे तारापूरच्या विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंच्या पेढीने निजामाला कर्ज दिलं आणि वऱ्हाडाचा महसूल तारण घेतला. तो काढून घेतल्यावर ती पेढी बुडाली, आणि 1853 मध्ये खुद्द वऱ्हाडच इंग्रजांकडे गेलं. अमरावती-अकोल्याच्या कास्तकाराने भरलेल्या साऱ्याचा हिशेब हैदराबादच्या अशा गाद्यांवर होत होता. आपल्या शेताचा मालक नेमका कोण, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं नसेल. वसुलीसाठी अरब आणि रोहिले ठेवलेले असत, हेही विसरता कामा नये. मला या पेठेबद्दल माया आहे. तरी त्या सागवानी सज्ज्यांखालून जाताना हा हिशेब मनात येतोच.

1853 मध्येच पहिले सालारजंग दिवाण झाले. पुढच्या तीस वर्षांत त्यांनी महसुलाचे मक्तेदार हटवले, खजिना सरकारच्या हातात आणला, पगार खजिन्यातून द्यायला सुरुवात केली. सावकारांची राज्यावरची पकड तिथून सैल झाली. त्याआधीपासूनच काही पेढ्या मैलभर पूर्वेला, इंग्रज रेसिडेन्सीच्या बाजारात सरकू लागल्या होत्या, कारण तिथे निजामाचा नव्हे तर रेसिडेंटचा कायदा चाले. हा भाग थेट 1933 मध्ये निजामाला परत मिळाला. आजचा सुलतान बाजार तो हाच, आणि मराठी माणसाचं हैदराबादही याच्याच आसपास: गौलीगुडा, इसामिया बाजार, काचीगुडा. केशवराव कोरटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1907 मध्ये काढलेली विवेक वर्धिनी इथलीच. ज्ञानकोशकार केतकर अध्यक्ष असलेलं 1931 चं साहित्य संमेलन हैदराबादेतच भरलं होतं. बेगम बाजारात मराठी वकील-मास्तर राहत नसत, ते तिथे महिन्याचा किराणा भरायला जात.

पण खरं स्थलांतर घडवलं ते आगगाडीने. कुतुबशाहीला मच्छलीपट्टणचं बंदर होतं. निजामाने 1766 मध्ये समुद्रकाठचे उत्तर सरकार इंग्रजांना दिले आणि हे एवढं मोठं राज्य समुद्राला पारखं झालं. बंदराची ही भूक शेवटपर्यंत होती. 1947-48 च्या धामधुमीत निजामाच्या माणसांनी पोर्तुगीजांकडून मार्मागोवा मिळतं का याची चाचपणी केली होती. सावकारांनी इतकी वाट पाहिली नाही. 1874 मध्ये वाडी ते सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली आणि मुंबईचा धक्का आगगाडीच्या टप्प्यात आला. पैसा त्या रुळांवरून निघाला.

त्याची पहिली पेठ सोलापूर. सोलापूरकर ज्या गिरणीला नरसिंग गिरजी मिल म्हणतात, ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हैदराबादच्या नरसिंगगीरजी या गोसावी सावकाराच्या भांडवलावर उभी राहिली. गंमत बघा, पैसाही तेलंगणातून आला आणि मागावर बसलेले पद्मशाली विणकरही तिथलेच. सोलापूरच्या पूर्व भागात आजही घराघरांत तेलुगू बोलतात, आणि गिरणीच्या भोंग्यावर तीन पिढ्यांनी घड्याळं लावली. माझी एक मावशी सोलापूरला दिलेली होती. तिच्या घरातून तो भोंगा ऐकू यायचा. गिरजी म्हणजे कुणीतरी पारशी असावा असं आम्हांला वाटे. गिरजी हे 'गिरी'ला लावलेलं 'जी' आहे, दशनाम्यांतलं गिरी, हे कुणाच्या ध्यानात येणार? पुण्यातल्या राजा धनराज गिरजी शाळेच्या पाटीखालून जाणाऱ्यांनाही ते येत नसावं.

राजा धनराजगीर हे याच घराण्यातले. बेगम बाजाराला लागून, गोशामहलच्या बाजूला त्यांचा ज्ञानबाग महाल आहे. गोसावी आता गृहस्थ झाले होते, चेल्याच्या जागी पुत्र आला होता. त्यांच्या पुत्राचंही नाव नरसिंगगीर; त्यांनी जुबेदा या नटीशी लग्न केलं. 'आलम आरा'ची नायिका ती हीच. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला आपला पहिला बोलपट. तिची आई फात्मा बेगम ही हिंदुस्थानातली पहिली स्त्री-दिग्दर्शक. आणि 1930 च्या दशकात धनराजगीरांनी मुंबईत अपोलो बंदरावर, गेटवे ऑफ इंडियापासून दोन मिनिटांवर, धनराज महाल बांधला.

ती परपेठ. मी मुंबईत नोकरी करतो, कुलाब्यात कामानिमित्त अनेकदा जातो, आणि त्या इमारतीच्या मधल्या चौकातून वर्षानुवर्षं ये-जा केली आहे. गोलाईच्या कडा, मधला मनोरा, खाली दुकानं, वर राहती घरं. बेगम बाजाराहून परतल्यावर मी मुद्दाम तिथे गेलो आणि चौकात उभा राहिलो. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मधे चौक आणि हाकेच्या अंतरावर पाणी. वास्तुविशारद पाश्चात्त्य धाटणीचे होते, सिमेंट नवं होतं, पण मांडणी मुसीकाठचीच. बंदरावरच्या त्या श्रीमंत वस्तीत, जिथे संध्याकाळी लोक कुत्री घेऊन फिरायला निघतात आणि होड्यांचे दिवे लागतात, तिथे हैदराबादच्या एका गजबजलेल्या पेठेचा नकाशा उभा आहे. जुबेदाचे अखेरचे दिवस इथेच गेले. 1988 मध्ये ती वारली.

मूळ हुंडीचं काय झालं? तिच्यावर पाणी आलं. 28 सप्टेंबर 1908. मुसीच्या खोऱ्यातल्या 788 तलावांपैकी 221 फुटले आणि सेकंदाला सव्वाचार लाख घनफूट पाणी शहरातून गेलं. दोन्ही काठांच्या सखल वस्त्या वाहून गेल्या. सुमारे 15,000 माणसं मेली असं सांगतात. अफजलगंजच्या इस्पितळाच्या आवारात एका चिंचेवर चढलेली दीडशे माणसं वाचली. ते झाड अजून उभं आहे, बेगम बाजारातून चालत जाता येईल इतकं जवळ. अमजद हैदराबादी या शायराची आई, बायको आणि मुलगी डोळ्यांदेखत वाहून गेल्या, तो एकटा वाचला. मी त्या चिंचेखाली उभा राहिलो तेव्हा शेजारी इस्पितळात आलेल्या रुग्णांची नातेवाईक मंडळी डबे उघडून बसली होती. एका बाईला विचारलं, हे झाड माहीत आहे का. "सावली चांगली आहे," ती म्हणाली.

पुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं. त्यांच्या योजनेतून वरच्या बाजूला उस्मानसागर (1920) आणि हिमायतसागर (1927) हे जलाशय झाले, नदीला भिंती आल्या. काठावर हायकोर्ट, उस्मानिया इस्पितळ, सिटी कॉलेज अशा देखण्या वास्तू उभ्या राहिल्या. शहर वाचलं. पण नदी भिंतीआड गेली, आणि वरून पाणी येणं थांबल्यावर खाली उरलं ते सांडपाणी. ज्या काठावर बेगमेने जमीन दिली त्या काठाकडे बेगम बाजाराने पाठ केली. 2025 च्या सप्टेंबरअखेर जलाशयांचे दरवाजे उघडले तेव्हा मुसी इमलीबनच्या बसस्थानकात शिरली. आपलं पात्र तिला आठवत होतं.

बेगम बाजारातल्या ज्या घरात मी दोन दुपारी घालवल्या ते घर बाहेरून ओळखू येत नाही. दोन दुकानांच्या फटीत एक दार, त्यातून आत गेलं की अंधारी देवडी, आणि मग एकदम उजेडाचा चौक. चार बाजूंना सागवानी खांब, खांबांच्या खाली दगडी उथळे, वर कमलदलं कोरलेली. चौकाच्या मधोमध तुळशीवृंदावन. ते मोकळं आहे, कारण घरातल्या मोठ्या काकूंनी त्याच्या भोवती दोन हात जागा सोडायला लावली आहे. बाकी सगळा चौक छतापर्यंत प्लास्टिकच्या डब्यांनी भरलेला. निळे, गुलाबी, हिरवे. माडीवर जायच्या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एकेक खोकं. या घरात एकेकाळी तीस माणसं जेवायला बसत. आता काकू, त्यांचा धाकटा मुलगा आणि सून. थोरला बंजारा हिल्सला गेला. तो रोज दुपारी आईच्या हातचं जेवायला येतो.

"चोवीस तास माणसांचा आवाज असतो इथं," काकू हिंदीत म्हणाल्या. "तिकडे मोठ्याकडे आठ दिवस राहिले. झोप नाही आली. शेजारी कोण राहतं ते माझ्या सुनेला ठाऊक नव्हतं. इथं रात्री नुसता खोकला आला तरी समोरची विचारते."

मला हे घर पडू नये असं वाटतं. राजवाड्यांची यादी होते, मशिदी-मंदिरांची होते. सावकारांच्या या राहत्या घरांना तसं कुणी वाली नाही, आणि जागेचा भाव इतका आहे की प्रत्येक वाटणीत एक सज्जा उतरतो. दर खेपेला मला ओळखीची एखादी चौकट नाहीशी झालेली दिसते, आणि तिच्या जागी काच लावलेली असते. काकूंनी सांगितलं की मागच्या गल्लीतले कोरीव खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेले. कुठल्यातरी हॉटेलात लावले असतील.

मी गच्चीवर गेलो. पतंगांचे दोरे तारांना अडकलेले, पाण्याच्या टाक्या, पाठीमागे इस्पितळाचे घुमट. नदी कुठे असेल याचा अंदाज घेत होतो. काकूंनी खालून ओरडून विचारलं, काय शोधताय? मुसी, मी म्हटलं. "दिसत नाही हो," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूबाई सांगायच्या, त्यांच्या सासूबाईंना दिसायची."

निघायच्या दिवशी मी पुन्हा सेठजींच्या पेढीवर गेलो आणि एक चोपडी मागितली. देगलूरचं दुकान दादा गेल्यावर बंद झालं, त्याला आता बारा वर्षं झाली. चोपडीचं मी काय करणार हे सेठजींनी विचारलं नाही. नातवाला त्यांनी लांबट, दोन पुठ्ठ्यांची, लाल कापडाची आणायला सांगितली, पहिलं पान उघडलं, बोरू नव्हता म्हणून खिशातलं बॉलपेन काढलं आणि वरच्या बाजूला मधोमध एक श्री लिहिला. त्याखाली दोन. मग तीन. हात थरथरत होता पण रांग वाकडी जात नव्हती. दादांच्या चोपड्यांवरही हा श्रीचा डोंगर असायचा. तो दुकानातूनच छापून येतो असं मी लहानपणी समजत असे. चौथ्या ओळीला बाहेर हमालाने वाट मागितली, कुणीतरी भाव विचारला, नातवाचा फोन वाजला. सेठजींनी मान वर केली नाही. पाच झाले. मी चपला काढून गादीच्या कडेला बसलो.